नागूबाईंनी भागलेला आकडा

अणदूरजवळच्या आमच्या शाळेत नागूबाई दुपारची खिचडी शिजवतात. वय पंचावन्नच्या पुढं. चौथी झाली आणि घरच्यांनी त्यांना शेरडांमागं धाडलं. शाळा सुटली, भागाकाराची आवड मात्र सुटली नाही. हजेरी कळली की केळी किती जणांत कशी जातील आणि किती उरतील, हे त्या पातेलं ढवळता ढवळता सांगतात.

गेल्या ऑगस्टात मी सहावीला मूळ संख्या शिकवत होतो. पोरं म्हणाली, "सर, एखादी लई मोठी सांगा की." मी ऐटीत फळ्यावर १०००००१ लिहिलं. दहा लाख एक. "हिला एक आणि ती स्वतः सोडून कुणीच भागत नाही," असं ठोकून दिलं. तपासलं नव्हतं.

नागूबाई दारात ताटं मोजत होत्या. जेवणं उरकल्यावर म्हणाल्या, "सर, येवढा मोठा आकडा, आन् कुणाशीच जमत न्हाय? मला न्हाय पटत."

"करून बघा मावशी," मी हसत म्हणालो.

त्यांनी खरंच सुरुवात केली. खिचडी शिजत घातली की जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एक-दोन भागाकार. एकदा मी डोकावलो.

"सातानं दोन उरले, अकरानं दोन, तेरानं बी दोन. मला वाटलं दोनच उरत्यात. तर सतरानं धा उरले!"

"मधले आकडे का सोडले?"

"दोनानं जात न्हाय, मग चार, सहा, आठ कशाला बघू? तिनानं जात न्हाय, म्हणून नऊ, पंधरा बी सोडले."

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

सत्त्याण्णवपर्यंत पोचल्यावर मला त्यांची दया आली. "सोडा आता," म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी पदराला हात पुसत आल्या आणि कागद पुढं ठेवला.

"एकशे एकानं गेला सर. कायच उरलं न्हाय."

भागाकार आला होता ९९०१. मी दोनदा गुणून पाहिलं. बरोबर होतं. 

तसाच त्यांना वर्गात घेऊन गेलो. "पोरांनो, मी चुकीचं सांगितलं होतं. बरोबर काय ते मावशी दाखवतील."

"नगं सर, मला खडू धरता येत न्हाय."

दोनदा खडू मोडला, पण भागाकार पुरा झाला. पोरांनी बाकं बडवली. शिवशंकर नावाच्या पोरानं विचारलं, "मावशी, मग ९९०१ ला कोण भागतं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "ठाऊक नाही. तपासून सांगतो."

रविवारभर बसलो. शंभराच्या आतल्या एकाही मूळ संख्येनं ती गेली नाही, आणि शंभर गुणिले शंभर तर तिच्याहून मोठे; पुढं बघायची गरजच नव्हती. सोमवारी सांगितलं, "मावशी, ही मात्र मूळ आहे."

"असंल," त्या म्हणाल्या, "पण म्या बी एकदा बघते." गुरुवारी वाढता वाढता मान हलवून त्यांनी मला पास केलं.

यंदा बाहेरून पाचवीच्या परीक्षेला बसायचा त्यांचा फॉर्म मी भरून दिला. मराठीत नापास होईन, अशी त्यांना धास्ती आहे. गणिताचं नाव काढत नाहीत.