बाबांच्या जीपचं नवं स्टेअरिंग

बाबांची फोर बाय फोर जीप जुनी आणि तिचं स्टेअरिंग दगडासारखं जड. पोशीरच्या आमच्या घरात तिला दुसरं कुणी हात लावत नसे. मी एकदा हट्टानं बसले, तर बाबा म्हणाले, "तुला नाय झेपायची गं ती." मला राग आला, पण खरंच झेपली नाही.

मग बाबांचाच उजवा खांदा आखडला. शर्टसुद्धा आई घालून द्यायची. डॉक्टरांनी जोर लावायला मनाई केली. बाबा सकाळी जीप पुसत आणि अंगणात खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसत. भाताची पोती, अडलेली बाळंतीण, लग्नाची भांडी, गावाचं काय काय वाहून नेलेला माणूस असा बसलेला मला बघवेना. त्यांनी पुन्हा गाडी चालवावी, एवढंच माझ्या मनानं घेतलं.

शिळफाट्याच्या एका मिस्त्रीनं उपाय सांगितला, पॉवर स्टेअरिंग बसवू. भंगारात निघालेल्या गाडीचा स्टेअरिंग बॉक्स, इंजिनाला जोडलेला पंप आणि तो फिरवायला पट्टा. काम चालू होतं तेवढे दिवस बाबा तिथं जाऊन "वेल्डिंग नीट कर रं" म्हणत मिस्त्रीचं डोकं खात होते. बिचारा सोशिक होता. गाडी त्यानंच घरी आणून दिली. बाबांनी एका बोटानं स्टेअरिंग फिरवून बघितलं आणि असे हसले, की मलाच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. आता, जुन्या स्टेअरिंगमध्ये एवढी ढिलाई होती, की ते बरंच फिरवलं तरी गाडीला पत्ता नसायचा. म्हणून बाबा वळण यायच्या आधीच हात वळवायला घेत. जन्माची सवय ती. गावाबाहेरच्या पहिल्याच वळणाआधी त्यांनी तसंच केलं, आणि नवं स्टेअरिंग लगेच वळलं. आम्ही थेट बांधावरून कापणी झालेल्या शेतात.

लागलं कुणालाच नाही. मला हसू फुटलं आणि मी ते दाबलंही नाही. बाबा उतरले. "माझी गाडी नाय ही," एवढंच बोलून चालत घरी गेले. जीप मीच रस्त्यावर घेतली आणि घरी आणली. ती आता मला झेपत होती, आणि मला नेमकं तेच नको होतं.

त्यानंतर बाबा किल्लीला शिवेनात. मी समजावलं, मग भांडले. मोकळ्या शेतात सराव करा म्हटलं, तर म्हणाले, "आख्खा गाव बघत बसंल."

एका सकाळी आई ठेवणीतली साडी नेसून, पिशवी घेऊन जीपमध्ये पुढं जाऊन बसली.

"अवो, साजगावला बहिणीकडं न्या मला."

"एष्टीनं जा."

"नाय. तुमी चालवा. वळण आलं की मी सांगते."

"तुला गाडीतलं काय कळतं गं?"

"गाडीतलं नाय कळत. रस्ता तर दिसतो ना!"

बाबा पुटपुटत उठले. मी मागं चढायला गेले, तर आई म्हणाली, "तू उतर. तू हसलीस ना, ते त्यांना लय लागलंय." मी गपचूप उतरले. जीप निघाली. पहिल्या वळणापर्यंत आईचा आवाज येत होता, "थांबा... अजून नाय... अजून नाय... हां, आता!"

दिवसभर माझा जीव टांगणीला. फोन करायचा धीर होईना. दिवेलागणीला जीप आली आणि आमच्या अरुंद गल्लीत भिंतीला न घासता वळली. मी ओरडतच धावले. बाबांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. शेजारी आई मान कलती करून गाढ झोपली होती.

"कर्जतपासूनच झोपलीय, निम्म्या वाटेपासून," ते हळूच म्हणाले.