साडेतीन बाय चारची खिडकी

आमच्या दुकानात चार वाजता चहा येतो आणि त्या दहा मिनिटांत अक्का घर बदलते. मोबाईलवर विकाऊ आणि भाड्याच्या घरांची एक साईट आहे. ती उघडायची, कपातला चहा गार होऊ द्यायचा आणि लोकांच्या खोल्या बघत बसायचं. घ्यायचं काही नाही, नुसती गंमत. मी विचारायचं, "अक्का, आज कुठे राहायचं?" आणि तिने सांगायचं, "आज नदीकाठी. पण गॅलरी नावालाच आहे. एक कुंडी ठेवली की माणूस आत."

आम्ही पडदे शिवतो. मी कापड कापते, अक्का मशीनवर बसते आणि मापं घ्यायला जाते. तीस वर्षं लोकांच्या खिडक्या मोजून तिची नजर अशी तयार झालीय की जाहिराती देणाऱ्यांनी तिला वचकून असावं. फरशी दोन फुटी धरायची, दार सात फुटी, मग फोटोतल्या फरश्या मोजायच्या आणि पाच मिनिटांत खोलीचं खरं माप कागदावर. "हॉल प्रशस्त म्हणे! दहा बाय अकरा आहे. फ्रिज बघ कसा कपाटाएवढा दिसतोय, फोटो ताणलाय मेल्यांनी." फोटोत पडदा ओढलेला असला तर पलीकडे शेजाऱ्याची भिंत असणार, हे ती पैजेवर सांगायची. मला हसू आवरायचं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला, आणि त्याचा मला अजून राग येतो. या खेळातली घरंसुद्धा ती स्वतःसाठी बघत नव्हती. साईटवर आपल्याला काय हवं ते आधी भरावं लागतं. अक्काचं ठरलेलं. तळमजला, कारण आईला जिना जमत नाही. दोन बाथरूम, कारण भावाला सकाळी घाई असते. दारं रुंद, चाकाची खुर्ची जाईल अशी. फुकटचं स्वप्न, त्यातही ही बाई सगळं बिऱ्हाड डोक्यावर घेऊन निघालेली!

मी एकदाच तिच्या घरी गेले होते. आतल्या एका खोलीत आई, दुसरीत धाकटा भाऊ आणि भावजय. अक्का बाहेरच्या खोलीत, दिवाणावर. कपडे दिवाणाखालच्या बॅगेत. भावाचा टीव्ही बंद होईपर्यंत तिला आडवं होता येत नाही आणि सकाळी घर उठायच्या आत अंथरूण उचलावं लागतं. बाथरूम सोडलं तर आतून कडी लावून घ्यावी असं एकही दार त्या घरात तिच्या वाट्याला नाही. भावजय वाईट आहे म्हणावं तर तसंही नाही. नीट बोलते, विचारपूस करते. वाईट असती तर भांडून निघता तरी आलं असतं.

आणि आई. तिचा दिवस खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर एवढाच, पण अक्काच्या हाताशिवाय ती घास घेत नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत अक्का दहा मिनिटं चालत घरी जाते, आईला भरवते, स्वतः ओट्याशी उभ्याने दोन घास खाते आणि दोनच्या ठोक्याला मशीनवर. आठ वर्षं झाली. एक दुपार चुकलेली नव्हती.

शेवटी मीच एका दुपारी तिच्या हातातून मोबाईल घेतला. "एक माणूस," मी भरलं. "एक खोली. मजला कितवाही."

"वेडी का ग तू," अक्का म्हणाली. पण मोबाईल परत मागितला नाही.

तिसरीच जाहिरात होती ती. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर पहिल्या मजल्याला एक खोली, कोपऱ्यात ओटा, पूर्वेला खिडकी. आमच्यापासून चार गल्ल्या. भाडं तिच्या पगारात बसणारं. अक्काने फरश्या मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. टिंगल करायला काहीच सापडलं नाही. जाहिरातीखालच्या बदामावर तिने बोट ठेवलं आणि तो लाल झाला.

त्यानंतर चहाला रोज तेच एक घर. आणि एका सोमवारी बघते तर बाई मशीनवर गवती रंगाचा पडदा शिवतेय. रद्द झालेल्या ऑर्डरचं उरलेलं कापड, मालकाला विचारून घेतलेलं. चांगलं अस्तर लावून.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"साडेतीन बाय चार," एवढंच ती म्हणाली.

न बघितलेल्या खोलीच्या खिडकीला पडदा! असला वेडेपणा पडदेवालीच करू जाणे. मी कपाळावर हात मारला, आणि मग रिंगा मोजून तिच्यापुढे ठेवल्या.

खोली बघायला गुरुवारी दुपारी जायचं ठरलं. भावजयीला त्या दिवशी सुट्टी होती. "आज आईला तू भरव, मला काम आहे," असं अक्का घरी सांगून आली होती. हे वाक्य तिने सकाळपासून मला तीनदा म्हणून दाखवलं, जणू गुन्हा कबूल करतेय.

एजंटने कुलूप काढलं. खोली कागदावर होती तेवढीच, इंचाचाही फरक नाही. पडद्याची दांडी आधीपासून होती. अक्काने किल्लीवाल्याचं स्टूल मागून आणलं, वर चढली आणि पिशवीतून पडदा काढून लावला. अगदी नेमका बसला. एजंट म्हणाला, "बाई, तुम्ही आधी गुपचूप येऊन माप घेऊन गेलात की काय?"

अक्का खाली उतरली. "जरा दोघं बाहेर थांबता का?" ती म्हणाली.

आम्ही बाहेर आलो. तिने दार लावलं आणि आतून कडी घातली.

"आत काय करतायत त्या?" एजंटने मला विचारलं.

"बसल्यात."

"खुर्ची नाहीये आत."

"मग उभ्या असतील. तुमचं काय जातंय?"

आतून काही म्हणजे काही आवाज नव्हता. मला रडू येत होतं. चारेक मिनिटं गेली असतील, आणि आत फोन वाजला.

दार उघडलं तेव्हा फोन तिच्या कानाला होता. भावजयीचा आवाज मलाही ऐकू येत होता. "ताई, आई तोंडच उघडत नाहीयेत हो. दात आवळून बसल्यात. मी तीनदा प्रयत्न केला. तुम्हीच या."

"आले," अक्का म्हणाली.

"शनिवारपर्यंत सांगा," एजंट मागून ओरडला, "अजून दोघं बघून गेलेत!" पण ती तोवर जिना उतरलीही होती. पडदा खिडकीलाच राहिला.

मी पिच्छा पुरवला म्हणून शुक्रवारी तिने भावाला सांगितलं. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जा की अक्का. तुला अडवलंय कुणी? फक्त आईच्या जेवणाचं काय ते ठरवून जा." आणि आवाज परत वाढवला.

मी चिडले. "अग, सवय लाव ना आईला दुसऱ्या हाताची! राहील चार दिवस अर्धपोटी, मग खाईल."

"ती राहील ग," अक्का म्हणाली. "मी कशी राहू?"

शनिवार गेला. अक्काने एजंटला फोन केला नाही. मी करू का, असं विचारलं तर तिने पुढचा पडदा मशीनखाली सरकवला.

सोमवारी चहाला तिने साईट उघडली तर त्या जाहिरातीचे फोटो बदललेले. खिडकीला गवती पडदा, त्यावर सकाळचं ऊन, चुण्या एकसारख्या. खाली लिहिलेलं, 'पूर्वेची खिडकी, नव्या पडद्यासह.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी आत्ता जाऊन काढून आणते. फुकटचा वापरतात आणि वर जाहिरात करतात!"

"राहू दे," अक्का म्हणाली. फोटो बोटांनी मोठा करून ती खालची दुमड बघत होती. "सरळ पडलाय ग. राहू दे तिथेच. आमच्यातलं एक तरी गेलं तिथे राहायला."

बुधवारी ती खोली साईटवरून गेली. कुणीतरी घेतली.

गुरुवारी चहा आला, अक्काने मोबाईल काढला. मला विचारायचं नव्हतं, पण सवयीने तोंडातून गेलंच, "अक्का, आज कुठे राहायचं?"

"तळमजला आहे," ती फरश्या मोजत म्हणाली. "दारं रुंद आहेत, आईची खुर्ची जाईल." मग तिने फोटो जवळ घेतला, कागदावर एक आकडा लिहिला आणि मला दाखवला.

"आणि बाहेरच्या खोलीत माझा दिवाण मावतोय, बघ."