सातासमुद्रापारचं रडणं

हिंगोलीत बसून लंडन, डब्लिन, न्यूयॉर्क आणि सिडनीच्या कवींना मार्क देणारा माणूस म्हणजे मी. हसू येत असेल तर खुशाल हसा, तेव्हाही लोक हसायचेच. दिवसा शाळेत पोरांना इंग्रजी शिकवायचं आणि संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बाहेरदेशाहून आलेली कवितेची पुस्तकं वाचायची, असा माझा संसार होता. मद्रासचं एक इंग्रजी मासिक दरवर्षी एक लांबलचक लेख छापायचं. इंग्रजी बोलणाऱ्या मुलखांत वर्षभरात कुठे कोणती कविता छापली गेली, कोण नवा आला, कोण थकला, कोण गेला, असा सगळा आढावा. तो मी लिहायचो. माझ्या तिखट शेऱ्यांवरून संपादक मला कोणी पेन्शनीतला प्रोफेसर समजत असावा. मी त्याचा समज मोडायला गेलो नाही.

लढाई सुरू झाली तशी ही पुस्तकं रोडावली. विलायतेत कागदाचं रेशन होतं. पानं पिवळट, समास छाटलेले, अक्षरं मुंगीएवढी. लंडनमधली पुस्तकांची गोदामं बॉम्बनं जळाली तेव्हा कित्येक कवींची अख्खी आवृत्ती एका रात्रीत गेली. अमेरिकेची पुस्तकं तेवढी अजून जाडजूड यायची. सिडनीचं पार्सल बोट चुकली की वर्षानं उगवायचं. आणि कवी बहुतेक सैनिक. कोणी वाळवंटातून लिहायचा, कोणी बोटीवरून, कोणी दवाखान्यातून. माझ्या लेखात 'कोण गेलं' हा भाग पूर्वी शेवटी चार ओळींत उरकायचा. आता तोच सगळ्यात लांब झाला. पुष्कळदा पुस्तक माझ्या हातात पडायच्या आधीच कवी मेलेला असायचा, आणि मी ओट्यावर बसून त्याच्या यमकांना नावं ठेवत असायचो.

त्या सैनिकांत एक आमच्या घरचा होता. माझा धाकटा मेहुणा, बायकोचा भाऊ. त्यांचं घर आखाडा बाळापूरकडचं, मेंढरं राखणारं. शाळेसाठी तो माझ्याकडे राहिला, माझ्या हातचा मारही खाल्ला आणि फौजेत वायरलेसवर लागून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला. कळपामागे राहून गेलेल्या मेंढीवर त्यानं मराठीत एक कविता केली होती. मी ती इंग्रजीत केली आणि लंडनमध्ये निघणाऱ्या सैनिकांच्या कवितासंग्रहाकडे धाडली. त्यांनी ती घेतली. 'दाजी, माझ्याआधी माझी मेंढी विलायतेला गेली,' असं म्हणून तो खूप हसला होता.

तो रजेवर आला होता तेव्हाची गोष्ट. जायच्या दिवशी सकाळी अंगणात बसून तो बुटाला पॉलिश करत होता. एक कावळा आला, त्याच्या डोक्यावर बसला आणि चोच मारून उडाला. बायकोनं पाहिलं. मीही पाहिलं.

आमच्याकडे कावळा असा डोक्याला शिवला की मरण मागे लागलं म्हणतात. त्यावर तोडही आहे. तो माणूस मेला म्हणून नातेवाइकांना खोटंच कळवायचं. ते ऐकून रडले की मरणाला वाटतं, इथलं काम झालं, आणि ते माघारी जातं. मग लगेच दुसरा निरोप धाडायचा की माणूस जिता आहे, रडू आवरा. बायकोनं त्याच दुपारी मला कार्ड लिहायला लावलं आणि मरणाच्या कार्डाचा फाडतात तसा कोपरा स्वतःच्या हातानं फाडला. कार्ड कुरुंद्याला तिच्या आत्याकडे गेलं. पण आत्यानं आदल्याच उन्हाळ्यात आपल्या नवऱ्यासाठी हाच उद्योग केलेला. ती बैलगाडीनं आली ती हळदीचं गाठोडं घेऊन आणि दारातच विचारलं, 'पोराला कावळा कुठं शिवला गं?' कोणीच रडलं नाही. तोवर मेहुणा पार आघाडीवर पोचला होता.

बायको आठवडाभर नीट जेवली नाही. मग एके दिवशी मी लेख लिहीत असताना समोर येऊन बसली.

"तुमच्या त्या लेखात लिवा, तो गेला म्हून."

मी म्हणालो, वेड लागलंय का.

"तिकडच्या लोकाला कावळा ठाऊक न्हाई. ते खरंच रडतील."

मी दोन दिवस तिला शहाणपण सांगितलं. तिसऱ्या दिवशी एक ओळ लिहिली. माझं त्या पोरावर पोटच्या लेकरासारखं प्रेम होतं आणि कावळा मीही पाहिला होता, एवढंच माझं कारण. 'कोण गेलं' या भागात, कॅनडाच्या एका वैमानिकानंतर, मी त्याला घातला.

संपादकानं ती ओळ काळ्या चौकटीत छापली आणि शेजारी मेंढीची कविता दिली. लंडनच्या एका नियतकालिकानं तिथून ती उचलली. मग पत्रं यायला लागली. डब्लिनच्या एका म्हातारीनं लिहिलं की तिचाही नातू त्याच मुलखात गेला. न्यूझीलंडच्या एका मास्तरनं वर्गातल्या पोरांना उभं करून ती कविता म्हणायला लावली होती. मी एकेक पत्र बायकोला मराठीत सांगायचो. तिला बाकी काही नको असायचं. 'रडली का ती?' एवढंच विचारायची. मी हो म्हटलं की 'बरं झालं' म्हणून चुलीपुढे जायची.

त्याच सुमारास मेहुण्याची पत्रं यायची बंद झाली.

पहिले काही महिने बायको निवांत होती. मग तिनं दुसऱ्या निरोपाची घाई लावली. आता त्या लोकांना सांगा, तो जिता आहे. इथे माझी जीभ अडली. तो मेला, हे खोटं आहे ते मला ठाऊक होतं, म्हणून मी लिहू शकलो. तो जिता आहे, हे खरं की खोटं तेच मला ठाऊक नव्हतं. फौजेच्या कचेरीकडून काही उत्तर नव्हतं. मी तिला तसं सांगितलं.

ती म्हणाली, "तिकडं रडणं चालू ऱ्हायलं तर तो इकडं कसा येईल? लिवा तुमी."

मी लिहिलं. पाकीट तसंच परत आलं. कागदाअभावी मासिक बंद पडलं होतं. लंडनला लिहिलं, तिकडून चकार शब्द नाही. उलट पुढच्या पार्सलात एका स्कॉटिश कवीचं पुस्तक निघालं आणि त्यात माझ्या मेहुण्यावर रचलेली शोककविता. बरी होती. त्यात तो माळावर उभा आहे, काठी डाव्या बगलेत धरून, उजवा पाय डाव्या गुडघ्याला टेकवून. आमचा पोरगा अगदी तसाच उभा राहायचा. मी उठून माझा लेख काढला, मेंढीची कविता काढली, ओळ न् ओळ तपासली. काठीबद्दल, पायाबद्दल कुठे एक अक्षर नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि अंधार पडायच्या आत घरात जाऊन बसलो.

लढाई संपली आणि बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी, तो दारात उभा राहिला. निम्मा झाला होता. बायकोनं त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं, पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून लांब फेकला, मगच आत घेतलं. ती हसत होती. मला मात्र रडू आलं आणि ती माझ्यावर ओरडली, आता काहून रडता म्हणून.

जेवताना त्यानं आपणहून सांगितलं. तापात महिनोन् महिने पडून होता. नाव विचारलं तरी सांगता येत नव्हतं. आणि सारखं बायांचं रडणं ऐकू यायचं. पुष्कळ बाया, काही पोरंही.

"आपली भाषा नव्हती, दाजी. पण माझ्यासाठीच रडून राहिल्या होत्या, इतकं समजायचं."

आम्ही त्याला काहीच कळवलेलं नव्हतं. मग बायकोनं कावळ्यापासून सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, 'मंग बराबर,' म्हणाला आणि उरलेली भाकरी तशीच बाजूला सारली.

तो राहिला आमच्याकडेच. थोडी मेंढरं घेतली, माळावर जायचा, वेळेवर परतायचा. कविता केली नाही. पाठीमागून हाक मारली तर वळायचा नाही, पुढ्यात जाऊन उभं राहावं लागायचं. इकडे मी प्रकाशकांना पत्रं लिहीत सुटलो की बाबांनो, हा माणूस माझ्या घरात जेवतोय. एकानं पुरावा मागितला. दुसऱ्यानं माझ्या दुःखात सहभागी असल्याचं पुन्हा एकदा कळवलं. एका संग्रहातून दुसऱ्यात, लंडनहून न्यूयॉर्कला, त्याचं नाव मेलेल्यांच्या रांगेत पुढे पुढे जात राहिलं. मुलूखभर कवितेचा हिशेब ठेवणारा मी, मला त्यातली एक ओळ मागे घेता येईना.

अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शननंतर अडकलेलं टपाल सुटलं तेव्हा एक जाड अमेरिकन संग्रह आला. लढाईत गेलेल्या कवींचा, पाच-सहा देशांतल्या. मी तो लपवणार होतो. पण मेहुणा ओट्यावरच बसला होता, म्हणाला, वाचा. मी मेंढीची कविता वाचली. खाली बारीक टाइपात कवीची माहिती होती. ती मी गाळली, तर म्हणाला, तेबी वाचा.

मी वाचलं. ब्रह्मदेशातल्या एका नदीचं नाव, तिच्या काठावरचा मोडका लाकडी पूल, पुलाच्या वरच्या अंगाला चिंचेचं झाड. त्याखाली कवीला पुरलं आहे. हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. मी चिडून म्हणालो, काय वाटेल ते छापतात लेकाचे.

"न्हाई, दाजी. बराबर लिवलंय."

तो माझ्याकडे बघत नव्हता.

"पूल हाय. चिंच हाय. तिथंच ठिवलं मला."

बायको पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. इतक्या वर्षांत ती एकदाही रडली नव्हती, कारण ज्याला खरं ठाऊक आहे त्यानं रडायचं नसतं. ती उंबऱ्यावर खाली बसली आणि मोठ्यानं, त्याचं नाव घेऊन, गेलेल्या माणसासाठी रडतात तशी रडायला लागली. मेहुणा उठला, तिच्याशेजारी जाऊन बसला आणि तिचं रडणं संपेपर्यंत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.