छातीचं माप

रणजितच्या छातीभोवती टेप धरायला मी हात पुढे केले, तसा तो दोन पावलं मागे सरला. पाचच मिनिटांपूर्वी त्याचा उघडा पाय माझ्या मांडीवर होता. मोजडीसाठी कागदावर पाऊल आखून घेतलं होतं, अंगठ्यापासून टाचेपर्यंत. तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं.

"पायाचं झालं न्हवं? मग बास," तो म्हणाला. "छातीला हात लावू नगं. गळ्यात देवाची माळ हाय."

रणजित म्हणजे माजी सरपंचांचा मुलगा, गावच्या उत्सव मंडळाचा अध्यक्ष. खर्ड्याचा किल्ला आमच्या गावाहून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे इतिहासाची हौस घरोघरी. जयंतीच्या मिरवणुकीत रणजित घोड्यावर सरदार होऊन बसणार होता आणि त्याला भाड्याचं पुठ्ठ्याचं चिलखत नको होतं. अस्सल कातड्याचं हवं होतं. मी चांभार. म्हणून मला बोलावलं होतं.

मी म्हणालो, अंग मोजल्याशिवाय चिलखत बेतता येत नाही. त्याने आईला हाक मारली. तिने आतून एक शर्ट आणला आणि माझ्या ओंजळीत वरून सोडला.

"ह्यावरनं बेत," तो म्हणाला.

"बरं, दादा."

तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तो मला अरेतुरे करतो, मी त्याला दादा म्हणतो. ते 'बरं' माझ्या तोंडून निघालं, त्याची लाज आजही वाटते. त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त वाटते.

पण मला ते काम हवं होतं. जन्मभर चपलांना टाके घातले. माझ्या हातचं काहीतरी कुणाच्या पायाखाली न जाता छातीवर मिरवेल, सगळा गाव मान वर करून बघेल, एवढाच लोभ होता.

कातडं कडक करायची विद्या मी मोबाईलवर पाहिली. परदेशातला एक माणूस आपल्या स्वयंपाकघरात ते करत होता. माझ्या वडिलांना, आबांना सांगितलं, तर ते हसले. त्यांच्या तरुणपणी गुऱ्हाळावर कढता रस मोटेवर सांडला होता आणि मोटेचं कातडं आखडून लाकडासारखं झालं होतं. "त्यात काय नवं हाय," म्हणाले.

बाभळीच्या सालीत कमावलेलं म्हशीचं कातडं मी दिवसभर गार पाण्यात भिजवलं. मग गरम पाण्यात बुडवायचं. बोट घालताच मागे घ्यावं लागेल इतकं गरम, उकळतं नाही. माझी बायको शोभा चुलीपाशी बसून मोठ्याने आकडे मोजायची. जरा उशीर झाला की कातडं कुरडईसारखं वळायचं आणि वाळल्यावर तडकायचं. असे पाच तुकडे वाया गेले. घरभर वास. शोभाचे हात पोळले, तरी ती मोजत राहिली.

साच्यासाठी त्या शर्टाच्या बेताने पोतं शिवलं आणि वाळूने ठासून भरलं. आबांना आता नीट दिसत नाही. त्यांनी ते पोतं चाचपलं.

"हा मानूस न्हाई, कापड हाय," म्हणाले. "कापडावरनं पायतान हुत न्हाई. चिलखत कसलं करतूस?"

त्यांचं खरं होतं. चप्पल दोन दिवसांत पायाला सरावते. कडक केलेलं कातडं कुणाला सरावत नाही. जसं वळवाल तसं राहतं. घालून बघायला या, असा निरोप मी रणजितला दोनदा धाडला. त्याला वेळ नव्हता. मग मीच दोन्ही बाजूंच्या वाद्या बांधून ते अंगावर चढवून पाहिलं. मला नेमकं बसलं. मेण देऊन चकाकवलं. चांगलं झालं होतं. तसं मी आधी काही केलं नव्हतं.

मिरवणुकीच्या दिवशी चावडीसमोर घोडा सजून उभा होता. ढोलवाले थांबले होते. दोघांनी रणजितच्या अंगावर चिलखत चढवलं, पण पुढचा आणि मागचा भाग जुळेना. दोन्ही बगलांत वीत वीत फट. आतून पोट बाहेर आलेलं.

"शर्ट कधीचा हुता?" मी विचारलं.

"लग्नाआदीचा आसंल," कुणीतरी म्हणालं आणि माणसं हसली. रणजितचा चेहरा लाल झाला.

"चांभाराची अक्कल पायतानापुरती," तो ओरडला. मग तीच माणसं मला हसली.

"बगतूस काय? लाव हात. वढून बांद."

माझा हात पुढे गेला. सवयीने. बोटं त्याच्या माळेपाशी पोचली होती. तिथंच थांबलो.

"तुमीच म्हनला हुता, छातीला हात लावू नगं."

"आता मी सांगतूय न्हवं?"

"सांगा. मी लावनार न्हाई."

त्याने चिलखत अंगातून ओरबाडून काढलं आणि माझ्या पायाशी मातीत फेकलं. मी उचललं. झटकलं. शर्ट माझ्या मापाचा होता, म्हणून चिलखतही माझ्या मापाचं होतं. तिथंच, सगळ्यांदेखत, मी ते अंगात घातलं, वाद्या बांधल्या आणि घराकडे चालू लागलो. "सरदार निघालं," मागून कुणी म्हणालं. मी शूर वगैरे नव्हतो. मागे वळून न बघता झपाझप चालत राहिलो.

शोभा दारातच रडवेली झाली. "आपल्याला ह्याच गावात ऱ्हायाचंय," म्हणाली. तिचं चूक नव्हतं. आबांनी माझ्या छातीवरच्या कातड्यावर बोटं फिरवली.

"मी पन्नास वर्सं पाय मोजलं," ते म्हणाले. "कुनाच्या तोंडाकडं बगायचं धाडस न्हाई झालं."

त्यानंतर गावातून आमच्याकडे चप्पल शिवायला कुणी येईना. लोक जामखेडला जाऊ लागले. माफी माग, मिटव, असं दोन जाणत्यांनी समजावलं. मी मागितली नाही. भिंगारच्या एका नाटकवाल्याने चिलखत सांगितलं, तेव्हा मी त्याला घरी बोलावलं. तो आला आणि हात वर करून उभा राहिला. मी त्याच्या छातीचं माप घेतलं.

यंदा जयंतीच्या आधी मंडळाचा एकजण दारात आला. हातात पिशवी. आत इस्त्री केलेला शर्ट.

"रणजितदादांनी दिलाय. ह्या खेपंला ताजा हाय," म्हणाला.

मी पिशवी परत त्याच्या हातात दिली.

"शर्ट घिऊन जा. त्याला पाठव. माझ्या उंबऱ्यात हात वर करून हुबा राहू दे. माळ काढायची गरज न्हाई."

तो गेला. रणजित अजून आलेला नाही. न येवो. कापडावरून मी आता कुणालाही बेतणार नाही. आणि ज्याच्या छातीला माझा हात चालत नाही, त्याचा पाय माझ्या मांडीवर येणार नाही.