पहिली आगगाडी आठवणारी गल्ली

माझी फजिती मीच सांगतो बाबांनो, दुसऱ्या कुणाकडून ऐकलीत तर तो तिखटमीठ लावून सांगेल.

एकवीस सालची खानेसुमारी. मी पारोळ्याहून जळगावला आलेला बावीस वर्षांचा नवा मास्तर, नोकरी अजून कायम व्हायची होती. एका गल्लीतली माणसं मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कचेरीतले अण्णा कारकून म्हणाले, गावात म्हातारे किती वाढले ते साहेबांना बघायचंय. वयं नीट लिही, मग तुझ्या नोकरीचं बोलतो.

वयं नीट लिही म्हणे! अहो, वय ठाऊक कुणाला होतं? विचारलं की, "व्हयी पन्नास, नैतं साठ." मग मी डोकं चालवलं. जळगावात पहिली आगगाडी येऊन साठ वर्षं झाली होती. ज्याला ती आठवते, तो साठीच्या पुढचा. आहे की नाही अक्कल?

पहिल्याच घरी आबांनी इंजिनाची शिट्टी वाजवून दाखवली. लिहिले सत्तर. शेजारच्या मारवाडी शेठजींनी म्हणे इंजिनापुढे नारळ फोडला होता. सत्तर. त्यांच्या सुनेनंही धुराचा रंग सांगितला. केस काळेभोर होते तिचे, पण नियम म्हणजे नियम. सत्तर.

शेवटच्या घरी सखूअक्का. तोंडात दात नाही, कंबर वाकलेली. म्हणाल्या, "माले काई याद नई, भाऊ. मी बापना खांदावर डोया मिटीसन रडत व्हती."

डोळे मिटले होते, आठवत नाही म्हणाल्या ना? लिहिले पंचावन्न.

अण्णांनी कागद पाहिले आणि चष्मा काढला.

"मास्तर, सखूअक्का माझी आई. मी त्रेपन्नाचा. ती पंचावन्नाची?"

बाकी गल्लीतल्यांना तरी गाडी खरंच आठवते हे पटवायला मी अण्णांना शिट्टी, नारळ, धूर, सगळं रंगवून सांगितलं. अण्णांनी शांतपणे टाक बुडवला.

"तुम्हाला तर सगळ्यांहून जास्त आठवतंय. पंच्याहत्तर लिहितो. आता एवढ्या म्हाताऱ्याला कायम कसं करायचं?"

मला रडूच आलं. शेवटी हे कानावर गेल्यावर अक्कांनीच लेकाला दटावलं. एवढं तरुण त्यांना उभ्या जन्मात कुणी केलं नव्हतं म्हणे! मी सारी गल्ली पुन्हा मोजली आणि कायम झालो. देव भलं करो त्या माउलीचं.

पण त्या दिवसापासून गल्लीत मला मास्तर कुणी म्हणेना. मी दारावरून जाताना खुद्द अक्काच हाक मारायच्या, "या आबा, भाकर खाई ल्या."