हवालदार आणि निकामी ट्रक

"बसा. घाई तुमाले हाये, गाडीले नाई."

सोनाळ्यात बिघडलेलं काहीही घेऊन हवालदारांकडे गेलं, की पहिलं वाक्य हेच यायचं. मग ते खिशातून फडका काढून हात पुसायचे. हात स्वच्छ असले तरी पुसायचे. त्यानंतर आलेल्या यंत्राभोवती एक चक्कर मारायचे आणि एकदा तुमच्याकडे बघायचे. बिघाड नेमका कुणात आहे ते ठरवत असल्यासारखे.

मी तिथे ग्रामसेवक होतो. महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. वरून रोज नवी योजना यायची, खालून रोज नवी तक्रार, आणि मधे मी. तुमच्यापैकी कुणी ही नोकरी केली असेल तर त्याला जास्त सांगायला नको. सकाळी उठतानाच मी थकलेला असे.

हवालदार फौजेतून पेन्शनवर आलेले. पण बंदूकवाले नव्हेत, पान्हेवाले. त्यांची पलटण लढाईतले ट्रक, जीपगाड्या आणि रणगाडे दुरुस्त करायची. घर माळ्याचं. धाकटा भाऊ वांगी-मिरच्या लावायचा आणि मळ्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये यांचं दुकान. गावात त्यांचं नाव कुणी घेत नसे, म्हणून मीही इथे घेत नाही.

काम चोख. फक्त अट एकच, पलटणीचा इतिहास ऐकायचा. गाडी उघडली की इतिहास सुरू.

"आमची पलटन बनली तवा तिच्यात निरे लोहार आन सुतार होते, साहेब. तोफा खच्चरं ओढत. खच्चराले पान्हा लागत नाई."

मग मोटारी आल्या, मोठी लढाई आली, हवालदार भरती झाले आणि पलटण समुद्रापलीकडच्या वाळवंटात गेली आणि तिथून ब्रह्मदेशात. सायकलचं पंक्चर असेल तर तुमची सुटका खच्चरांपाशी व्हायची. मोटारसायकल असेल तर वाळवंट चुकत नसे. आमचा किराणावाला म्हणायचा, "माही फटफटी सुधरली, पन पलटन अजून ब्रह्मदेशातच फसून हाये." उरलेलं ऐकायला तो काही परत गेला नाही.

मी मात्र ऐकत असे. ऑफिसात बसण्यापेक्षा ते बरं वाटे. म्हणूनच माझ्या लक्षात आलं, की हा इतिहास नेहमी एकाच जागी थांबतो. चीनच्या लढाईनंतरचा हिवाळा, पहाडातला रस्ता, वर चौकीत जवान. इथपर्यंत आले की ते उठायचे, घट्ट असलेला एखादा नट पुन्हा घट्ट करायचे आणि म्हणायचे, "चला, झालं तुमचं."

वाळवंटात ते एक विद्या शिकले होते. सुटे भाग मिळत नसत, म्हणून दोन मेलेल्या गाड्या उघडून त्यांची एक जिवंत करायची. ही विद्या त्यांनी सोनाळ्यातही चालवली. गावात दोन सख्खे भाऊ होते, वाटण्या होऊन बोलणं बंद झालेले. दोघांची पाण्याची इंजिनं एकाच आठवड्यात बंद पडली. दोघांनी वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांना न सांगता, ती हवालदारांच्या शेडमध्ये आणून टाकली. आठ दिवसांनी हवालदारांनी दोघांना बोलावलं आणि मोठ्या समाधानानं एकच इंजिन सुरू करून दाखवलं.

"दोघाचं मिळून एक झालं. फस्कलास!"

"आन माहं कुठी हाये?" थोरला ओरडला.

"हेच तं हाये."

"मंग माहं?" धाकटा.

"हेच."

त्या दिवशी हवालदारांनी जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या फौजेत खाल्ल्या नसतील. पलटणीत सगळ्या गाड्या सरकारच्या, इथे प्रत्येक नटाला मालक, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण इंजिन एक आणि विहिरी दोन. भावांना पाळ्या लावाव्या लागल्या, पाळ्यांसाठी बोलावं लागलं. हवालदारांना त्याचं श्रेय कुणी दिलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

आमच्या खालच्या अंगाला खारं पाणी आणि वर सातपुड्यात कोरडे झरे. वरच्या वस्त्यांना पाणी सोनाळ्याच्या विहिरींवरून जायचं. ग्रामपंचायतीनं लोकवर्गणीतून फौजेच्या लिलावातला एक जुना ट्रक घेतला होता. त्यावर पिंपं भरून तो रोज वर जाई आणि उतरताना वस्तीवरची माणसं खडी फोडायच्या कामावर घेऊन येई. जाताना पाणी, येताना माणसं. ट्रक जगवायचं काम अर्थात हवालदारांचं. दिवसभर तो फिरायचा, आला की हे त्याच्याखाली आडवे. त्या वर्षी ते फार खंगले. इतिहास सांगणंसुद्धा बंद झालं.

एका दुपारी सरपंच मला शेडवर घेऊन गेले. ट्रक उभा होता, भरलेली पिंपं विहिरीवर ताटकळत होती आणि हवालदार चुन्याच्या बोटानं ट्रकच्या नाकावर मोठी फुली काढत होते.

"हे काय?" मी विचारलं.

"निकामी. ब्रेक धरत नाई. सामान भेटत नाई, आन जुगाड म्या किती डाव केलं ते मलेच माहीत. आता नाई होत."

"हवालदार, लोकं काय पितीन वर?" सरपंच म्हणाले. "आजच्या रोज जाऊ द्या. उद्या पाहू."

हवालदारांनी मान हलवली. सरपंच वाईट माणूस नव्हता. त्याच्याही घरात हंडे रिकामे होते. तो तावातावानं बोलत राहिला आणि हवालदार पान्हा घेऊन चाकं काढू लागले. निकामी गाडी उभी ठेवायची नाही, लगेच मोकळी करायची, हा पलटणीचा रिवाज. उभी ठेवली की कुणीतरी एका खेपेपुरती घेऊन जातोच. संध्याकाळपर्यंत गावच्या वर्गणीचा ट्रक सुटा होऊन जमिनीवर पडला होता.

गाव खवळलं. शेडच्या पत्र्यावर दगड पडले. त्यांच्या भावाला बाजारात कुणी मिरच्यांचा भाव विचारेना. मला तालुक्याहून विचारणा आली, की ट्रक कोणाच्या आदेशानं मोडला. मी चिडलो होतो. या माणसाच्या हट्टापायी वर बायका-पोरं तहानलेली राहणार आणि उत्तरं मी द्यायची!

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतःच ऑफिसात आले. मी बसा म्हणायच्या आत खुर्चीवर बसले. असे ते कधी बसत नसत.

"साहेब, पहाडातलं म्या तुमाले सांगितलं नाई."

मी हातातला फाइलींचा गठ्ठा बाजूला ठेवला.

"चौकीत जवान उपाशी होते. एक ट्रक होता, असाच. आमचे उस्ताद, म्हंजे मोठे मिस्तरी, म्हने, हा निकामी करा. पन वर लोकं उपाशी, तं निकामी कोन करीन? सारेच म्हनत, आजची एक खेप जाऊ द्या. शेवटी उस्तादानंच जुगाड करून ब्रेक बांधला. आमच्यात कायदा होता. ज्यानं ब्रेक बांधला त्यानं पहिल्या खेपेले ड्रायवरच्या बाजूनं बसाचं. उस्तादाले मालूम होतं का ब्रेक राहनार नाई. तरी बसले. एकट्या ड्रायवरले कसं धाडाचं म्हनून बसले. राशन पोचलं वर. उतरतानी गेले दोघंबी."

त्यांनी खिशातून फडका काढून हात पुसले.

"चूक कोनाची नोती, साहेब. म्हनूनच मले इसरता येत नाई. त्या ट्रकात दोघं होते. आपल्या ट्रकात वस्ती बसून राह्यते."

त्या दिवशी माझा राग गेला. पाण्याचा प्रश्न मात्र होता तिथेच होता.

तो सोडवायला हवालदारांनी ट्रकचा मागचा आस आणि दोन रबरी चाकं घेतली, वर लाकडी साटा बसवला, त्यावर पिंपं बांधली आणि मागे लाकडी ठोकळ्यांचा ब्रेक लावला. झाली पाण्याची बैलगाडी. बैल भावाचे. "मिरच्या तं गेल्याच, आता बैलंबी घे," म्हणत त्यानं ते सोडून दिले. ट्रकच्या दिवसाला कितीक खेपा व्हायच्या, गाडीची एक. घरटी एक हंडा, तोही काठोकाठ नाही. त्यावरून वर भांडणं झाली, शिव्या हवालदारांनाच पडल्या. सकाळी निघत, दिवस मावळता परतत. चेहरा मातीच्या रंगाचा झालेला. "थकले का?" म्हटलं तर बैलांकडे बोट दाखवीत, "त्याइले इचारा."

पुढच्या साली पाऊस झाला. झरे वाहू लागले, गाडी शेडमध्ये उभी राहिली आणि हवालदारांनी खाट धरली. छातीत घरघर होती. शेगावच्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. विश्रांती ऐकून ते हसले, असं भाऊ सांगत होता. थंडी पडायच्या आत गेले. स्मशानात माणसं बेताचीच होती. वर्गणीचा ट्रक अजून काहींच्या मनात उभा होता. ते दोघे इंजिनवाले भाऊ मात्र आले होते, एकमेकांबरोबर.

त्यानंतर काही दिवसांनी देवीच्या लसीसाठी नर्सबाईंना घेऊन मी वरच्या वस्तीवर गेलो. एका म्हातारीनं मला ओळखलं.

"तो पानीवाला बुढा कुठी हाये? दिसला नाई."

मी सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "फौजेतला माणूस होता, आजी. लढाया पाहिलेला."

"फौजेतला?" तिला खरंच वाटेना. "आमाले तं कधी बोलला नाई."

साऱ्या सोनाळ्याला पलटण तोंडपाठ करायला लावणारा माणूस इथे एक शब्द बोलला नव्हता. मी विचारलं, "मग दिवसभर करायचा तरी काय?"

"काय करीन? पानी वाटे. मंग खाली सोनाळ्याले जानाऱ्या बायाइले गाडीत बसवे आन उतारावर सोता बैलाच्या म्होरं चाले. आमी म्हनो, बाबा, बाजूनं चाल, ब्रेक सुटला तं गाडी तुह्याच आंगावर येईन. तं म्हने, माय, ब्रेक म्याच बांधला हाये."

ती उठली आणि आतून माझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आली.