जॅकवेलवरचा डाग

"थांबा की जरा, उजेड येऊ दे."

हे वाक्य आमच्या गावात आकारामशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडी शोभलं नसतं. बारशाला पाळण्याची दोरी धरून बायका ताटकळलेल्या असोत, नाहीतर अक्षता पडल्यावर पावणं पंगतीकडं डोळे लावून उभे असोत, आकाराम कॅमेरा छातीशी धरून आभाळाकडं बघायचा आणि तेवढंच म्हणायचा. नवरदेव घामानं भिजायचा. एकदा एका नवरीची आई म्हणाली, "आरं बाबा, पोरगी सासरला जायची हाय. तुझा उजेड काय तिच्या रुखवतात देतोस व्हय?" सगळा मांडव हसला. आकाराम हसला नाही, हलला नाही. ढग सरकला, मगच त्यानं बोट दाबलं.

आमचं गाव कागल तालुक्यात, दूधगंगेच्या काठाला. आकाराम सुताराच्या घरचा. बापानं हातात रंधा दिला, तो यानं चार दिवसांत खाली ठेवला. कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत राहून कॅमेरा शिकला आणि परत येऊन एसटी स्टँडजवळ लेकीच्या नावानं 'अवनी फोटो' सुरू केलं. पोटाचा धंदा लग्नाचा आणि पासपोर्टचा. नवरीच्या गालावरची पुटकुळी संगणकावर पुसायची, म्हाताऱ्याच्या कपाळावरची आठी सैल करायची, यात त्याचा हात असा बसला होता की तालुक्यातनं माणसं यायची.

पण जीव भलतीकडंच होता. सुट्टीच्या दिवशी तो मोटारसायकलवर बसून माळ तुडवायचा आणि इमारती काढायचा. त्यासुद्धा देवळं नव्हेत, वाडे नव्हेत. साखर कारखान्याचं धुराडं, गुऱ्हाळघर, सूतगिरणीची लांबलचक पत्र्याची पाठ. मार्गशीर्षात उसाला तुरे आले की तो उसाच्या बांधावर बसून राही. पांढऱ्या तुऱ्यांच्या वर एकटं धुराडं, त्याचा धूर वाऱ्यानं उगवतीकडं कललेला, आणि मागं राधानगरीकडच्या डोंगरांची निळी ओळ. औद्योगिक वसाहतीतलं एक निळं शेड त्यानं चैत्रात काढलं होतं. सगळा माळ पिवळा, आणि ते शेड कडेला पाहुण्यासारखं अवघडून बसलेलं.

लोक म्हणायचे, "माणूस न्हाय, देव न्हाय, शेड कसलं काढतोस?"

"शेड न्हवं काढत. ते कुठं उभं हाय, ते काढतोय."

त्याची सगळ्यात लाडकी इमारत म्हणजे आमची जॅकवेल. नदीचं पाणी उपसून वर माळावरच्या उसाला चढवणारं हे मोटारघर. गावच्या पाणीपुरवठा संस्थेनं आमच्या आज्यांच्या काळात बांधलं. काळ्या दगडाचा गोल बुरूज, काठावरनं आत जायला चिंचोळा पूल, आणि अगदी वर नदीकडं तोंड करून एकच खिडकी. पुराचं माप आम्ही या बुरुजावर घेतो. पाणी पुलाला लागलं की जनावरं सोडायची, खिडकीजवळ आलं की गाव सोडायचं. आकारामनं या बुरुजाचे इतके फोटो काढले की त्याची बायको म्हणायची, "माझा एक न्हाय घरात, पण हिचे बघा."

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टात पाणी आलं आणि थांबेना. आम्ही जनावरं घेऊन माळावरच्या शाळेत गेलो. सगळी माणसं धान्यात, गुरांत, म्हाताऱ्याकोताऱ्यांत गुंतलेली. आकारामनं आपली माणसं आणि शेजाऱ्यांच्या दोन म्हशी वर पोचवल्या आणि मग छत्री धरून माळाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. पुढं चार दिवसांनी पाणी ओसरायला लागल्यावर ऊन पडलं, तेव्हा त्यानं फोटो काढला. तांबूस पाण्याचा समुद्र, मधे काळा बुरूज उन्हात न्हालेला, मागं हिरवेगार डोंगर.

त्या फोटोला कोल्हापुरातल्या एका प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला. संस्थेनं तो मोठा करून, काच लावून कार्यालयात टांगला. खाली पाटी लावली, 'महापूर २०१९'. कुणी पावणा आला की अध्यक्ष कृष्णात आधी फोटो दाखवायचे, मग चहा सांगायचे. आकाराम तिथं असला तर भिंतीकडं न बघता बाहेर जाऊन उभा राहायचा. आम्ही समजायचो, लाजतोय.

गेल्या फाल्गुनात संस्थेनं नवं मोटारघर बांधायचं ठरवलं. जुन्यातल्या मोटारी पुरात बुडून जळाल्या होत्या आणि त्या साली माळावरचा ऊस उभ्यानं वाळला होता. आता मोटारी ठेवायची फरशी पुराच्या वर घ्यायची होती. कार्यालयात सभा बोलावली, कोल्हापूरहून तरुण इंजिनिअर आले. म्हणाले, "पुराच्या पातळीची सरकारी नोंद वरच्या अंगाच्या पुलाजवळची आहे. इथं नदी वळण घेते, पाणी फुगतं. मला इथलीच खूण पाहिजे."

खूण कुठली आणायची? महापुराच्या दिवशी नदीवर कुणीच नव्हतं, आणि पूर गेल्यावर बुरुजाला आम्हीच हौसेनं चुना फासला होता. कृष्णात उठले आणि त्यांनी भिंतीकडं बोट केलं.

"ही काय खूण. पाणी खिडकीच्या खाली दगडाचे दोन थर. फरशी खिडकीच्या पातळीला घ्या, संपला विषय."

इंजिनिअरांनी फोटो निरखला, वहीत आकडा लिहिला. सभेत साठ-सत्तर माणसं होती, सगळ्यांनी माना डोलावल्या. चिमणाबाई पुढंच बसली होती. तिचं अर्धा एकर रान जॅकवेलला लागून, आणि तोंड गावात सगळ्यात धारदार. ती म्हणाली, "बघा, आमच्या आकारामचा उजेड शेवटी कामाला आला."

माणसं हसली. टाळ्याही पडल्या. मी आकारामच्या शेजारी बसलो होतो. तो उठला.

"फरशी तिथं घेऊ नका," तो म्हणाला. "मोटारी बुडतील."

"का रं?" कृष्णातांनी विचारलं.

"ह्यो फोटो महापुराच्या दिवशीचा न्हवं. त्या दिवशी मी तिथंच उभा हुतो. पाणी खिडकीच्या आत शिरलंतं. पर आभाळ काळं हुतं. म्हटलं, उजेड येऊ दे. उजेड आला तवर पाणी तीन थर उतरलंतं."

मग कृष्णात म्हणाले, "पाच वर्षं खाली पाटी हाय, आकाराम. तू एकदाबी बोलला न्हाईस."

"न्हाय बोललो. नंबर मिळालाता न्हवं. आदी लाज वाटली, मग सवय झाली."

इंजिनिअर म्हणाले, "तुमच्या शब्दावर विश्वास आहे हो. पण डोळ्यानं बघितलेलं नकाशावर कसं मांडू? काहीतरी दिसायला पाहिजे."

आकारामनं मान खाली घातली. नंबराची कबुली त्यानं एका दमात दिली होती. ही दुसरी त्याला जड गेली.

"दिसत हुतं," तो म्हणाला. "पाणी उतरलेल्या जागी गाळाचा पट्टा हुता, खिडकीच्या मधापातूर. उन्हात सोन्यावाणी चमकत हुता. मला वाटलं, दगडाला डाग पडलाय, फोटो नासतोय. नवरीची पुटकुळी पुसतो तसा पुसला."

मागनं कुणीतरी म्हणालं, "लई उजेड पाडलास." कुणी हसलं नाही.

चिमणाबाईनं पदर सावरला. "पुसलास तो पुसलास. आदीचा फोटो हाय का न्हाय?"

"हाय, आत्ती. मी एकबी टाकत न्हाय."

"मग उठ की. का बँड लावून नेऊ तुला?"

तो गेला, अर्ध्या तासात लॅपटॉप घेऊन आला. टेबलाभोवती माणसं दाटली. पडद्यावर तोच बुरूज, तेच ऊन, आणि पाण्याच्या वर दगडावर ओल्या गाळाचा पट्टा, खिडकीच्या मध्यावर सुरीनं कापल्यासारखा संपलेला. ढगाळ दिवशी तो कदाचित दिसलाही नसता. इंजिनिअरांनी थर मोजले, पुन्हा मोजले, आणि वहीतला आकडा खोडून नवा लिहिला. फरशी चार फूट वर गेली.

खरं सांगायचं तर मला तो डागवाला फोटोच देखणा वाटला. पुसलेल्यात बुरूज नुसता उभा होता. यात त्यानं काहीतरी सोसलेलं दिसत होतं.

सभा मोडली तसा आकाराम स्टुलावर चढला आणि भिंतीवरची तसबीर काढायला लागला.

"राहू दे रं," कृष्णात म्हणाले. त्यांचा आवाज आता उतरला होता. "नंबराचा हाय."

"नंबराचं खरं काय ते प्रदर्शनवाल्यांना कळवतो. भिंतीवर खरा लावतो. आठ दिवस द्या."

"आनि उजेड न्हाय आला तर?" चिमणाबाईनं विचारलं.

आकाराम पहिल्यांदाच हसला. "त्यो येऊन गेलाय, आत्ती."

तसबीर काखेत मारून तो पायऱ्या उतरला. मोटारसायकल तिथंच ठेवून नदीच्या वाटेनं चालत निघाला. दोन्ही बाजूंना तुटलेल्या उसाचं रिकामं रान, पाचटाचा वास, पुढं चुना फासलेला बुरूज. काखेतल्या काचेवर ऊन पडत होतं आणि दर पावलाला एक कवडसा बांधावरनं उड्या मारत त्याच्यासंगं चालला होता. वळणावर तो थांबला. तसबीर बाभळीला टेकवली, गळ्यातला कॅमेरा वर केला, आभाळाकडं न बघता बोट दाबलं, आणि तसाच पुढं चालत बांधाआड गेला. त्यानं काय काढलं ते कळलं नाही. कार्यालयाच्या पायरीवर कृष्णात उभे होते, मी होतो, आणि चिमणाबाई कपाळावर हात धरून बराच वेळ तिकडंच बघत होती.

"तसबीर इसरला की वो," ती म्हणाली, पण तिनं हाक मारली नाही.